नाताळसाठी दडवलेली सफरचंदं

कॅलिफोर्नियात मुलाकडे गेलो होतो, तेव्हा ऑगस्टातल्या एका रविवारी त्याने आम्हाला डॉनर सरोवरावर नेलं. निळंशार पाणी, पाइनची झाडं, पोरांचं डुंबणं. तिथे एक स्मारक आहे. आई, बाप आणि लेकरं. त्यांच्याखालचा चौथराच २२ फूट! ''एवढा उंच कशाला?'' मी विचारलं. ''बाबा, त्या हिवाळ्यात इथे एवढा बर्फ होता.''

१८४६ साली इलिनॉयहून डॉनर आणि रीड कुटुंबं बैलगाड्यांनी निघाली. वाटेत माणसं मिळत गेली, एकूण ८७ झाली. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या गृहस्थाने पुस्तकातून सुचवलेला जवळचा रस्ता त्यांनी धरला आणि तोच लांबचा ठरला. झाडं तोडून वाट करण्यात, खाऱ्या वाळवंटात बैल गमावण्यात आठवडे गेले. ऑक्टोबरात भांडणात जेम्स रीडच्या हातून एक गाडीवान मेला. तांड्याने रीडला हाकलून दिलं. पुढे सिएरा नेवाडाची खिंड बर्फाने बुजली, आणि त्याची बायको मार्गारेट चार मुलांसह अडकली. थोरली व्हर्जिनिया १३ वर्षांची, धाकटा टॉमी ३ वर्षांचा.

मार्गारेटकडे गुरं उरली नव्हती. पुढे तिने बैलांची कातडी उकळून त्याची खळ मुलांना भरवली. घरचा कुत्राही गेला. पण नाताळच्या दिवशी तिने लपवून ठेवलेली मूठभर सुकी सफरचंदं, थोडे घेवड्याचे दाणे आणि खारवलेल्या मांसाचा तुकडा बाहेर काढला. इतके दिवस पोरं भुकेने रडत असताना त्याला हात न लावणं! आपल्याकडे दिवाळीच्या फराळाचा डबा माळ्यावर ठेवणाऱ्या आयांनाही हे जमलं नसतं, असं माझी बायको म्हणाली.

काहींनी शेवटी मेलेल्यांचं मांस खाल्लं. जगाच्या लक्षात तेवढंच राहिलं.

फेब्रुवारी १८४७ मध्ये पहिलं सुटका पथक पोचलं. पाचही जण निघाले, पण ८ वर्षांची पॅटी आणि टॉमी यांना चालवेना. दोघांना मागे पाठवावं लागलं. परत येऊन नेण्याचं वचन म्होरक्याकडून घेऊन, उरलेल्या दोघांसाठी मार्गारेट पुढे गेली. पॅटीनेच तिला धीर दिला म्हणतात. वाटेत समोरून दुसरं पथक आलं, त्यात रीड होता! तो तसाच पुढे गेला आणि १ मार्चला त्याला दोन्ही मुलं जिवंत भेटली. परततानाच्या वादळात पॅटी जवळजवळ गेलीच होती.

त्या ८७ जणांपैकी जवळपास निम्मी माणसं दगावली. रीडच्या घरातलं मात्र कुणी गेलं नाही.

ओझं नको म्हणून मुलांच्या वस्तू वाटेतच टाकायला लावल्या होत्या. सुखरूप पोचल्यावर पॅटीने कपड्यांत लपवलेली बोटभर लाकडी बाहुली बाहेर काढली. ती आता सॅक्रमेंटोच्या सटर्स फोर्टच्या संग्रहात आहे. परतीच्या वाटेवर नातीने तिचं नाव विचारलं. ''डॉली,'' मी म्हटलं. ''आणि तिला थंडी वाजली नाही?''