दोन लाल रेघा आणि त्यानंतरचे नऊ महिने

आपल्या वस्तीतल्या औषधाच्या दुकानात पन्नास-साठ रुपयांना गरोदरपण तपासण्याची पट्टी मिळते. आशाताईंकडे अशीच पट्टी 'निश्चय' या नावाने सरकारकडून येते, तिला पैसे पडत नाहीत. लघवीचे दोन-तीन थेंब टाकायचे, पाच मिनिटे थांबायचे. एकच रेघ उमटली तर नाही, दोन उमटल्या तर दिवस गेले आहेत. एवढे आता घरोघरी ठाऊक आहे. पण ती रेघ कशाने उमटते असे विचारले, की चांगले शिकलेलेही 'असेल काहीतरी केमिकल' म्हणून मोकळे होतात. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, प्रयोगशाळेशी आमचा संबंध शाळेपुरता. तरी वाचले, जाणत्यांना विचारले, आणि जे कळले ते भगिनींच्या कानावर घालावेसे वाटले. बहुतेक पट्ट्यांवरची ती लालसर रेघ सोन्याची असते.

होय, सोन्याची! नाकातल्या चमकीचा कणही त्यातून होणार नाही इतके थोडे, पण खरे सोने. मग ते पिवळे का दिसत नाही? कारण ते अतोनात बारीक केलेले असते. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या बोटाचे नख एका सेकंदात साधारण तेवढे वाढते. पट्टीतला सोन्याचा कण बहुधा वीस ते चाळीस नॅनोमीटरचा असतो. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे दोन हजार कण शेजारी शेजारी बसतील. इतक्या लहान कणावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सगळे एकदम हेलकावे घेतात, प्रकाशातला हिरवा भाग गिळतात, आणि आपल्या डोळ्यांना उरलेला लाल रंग दिसतो. 1857 साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी असे लाल पाणी तयार करून दाखवले. सोन्याचे अतिसूक्ष्म कण त्यात तरंगत असले पाहिजेत, हेही त्यांनी ओळखले. हे फॅरडे लोहाराचे चिरंजीव, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेले. बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शास्त्रज्ञ झाले, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.

आता पट्टीचे काम पाहा. गर्भ गर्भाशयात रुजला की होणारी वार एक संप्रेरक तयार करू लागते. ते रक्तातून लघवीत उतरते. पट्टीत सोन्याच्या कणांना त्या संप्रेरकाला पकडणारे रेणू चिकटवलेले असतात. लघवी पट्टीतून पुढे सरकताना हे कण संप्रेरकाला धरून वाहत जातात. वाटेत एका जागी तसेच दुसरे रेणू दबा धरून बसलेले असतात. ते संप्रेरकाला अडवतात, त्याच्याबरोबर सोनेही अडकते. लाखो कण एका ओळीत गोळा झाले की रेघ दिसते. पुढची दुसरी रेघ पट्टी चांगली आहे याची खूण. ती उमटली नाही तर पट्टी बाद समजावी, निकालावर विश्वास ठेवू नये. पाकिटावरची तारीख पाहावी, सकाळची पहिली लघवी घ्यावी, आणि पट्टी टाकून देऊन संध्याकाळी पुन्हा उचलून पाहू नये. वाळल्यावर उमटलेली रेघ फसवते.

याहूनही लहान कणांवर जगात मोठे संशोधन चालू आहे. त्यांना क्वांटम डॉट म्हणतात. हे जेमतेम दोन ते दहा नॅनोमीटरचे. यांची गंमत अशी, की पदार्थ तोच, पण कणाचे आकारमान बदलले की रंग बदलतो. लहान कण निळसर चमकतो, मोठा लालसर. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहिली की त्यांचे उठणे-बसणे बदलते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. इलेक्ट्रॉनचेही तसेच. खोली जितकी लहान, तितकी त्याला हलवायला ऊर्जा जास्त लागते, आणि जास्त ऊर्जेचा प्रकाश निळ्याकडे झुकतो. या शोधासाठी 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल अलेक्सी येकिमोव्ह, लुई ब्रूस आणि मुंगी बावेंडी यांना मिळाले. बावेंडी यांना कॉलेजात रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत शंभरपैकी वीस गुण पडले होते, असे त्यांनी स्वतःच सांगितले. सोन्याच्या जागी हे कण वापरून आणखी सूक्ष्म तपासणी करणाऱ्या पट्ट्या बनवण्याचे प्रयोग चालू आहेत.

पण शोध लागला म्हणजे तो बाईच्या हाती आला असे होत नाही. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये गरोदरपणाची तपासणी निघाली, तीत लघवी उंदराच्या पिल्लांना टोचून नंतर ती मारून पाहावी लागत. पुढे नळीतली तपासणी आली, तरी निकाल आधी डॉक्टरच्या हातात आणि मग बाईच्या. 1967 साली अमेरिकेत मार्गारेट क्रेन नावाची तरुण चित्रकार एका औषध कंपनीत सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनाचे काम करीत होती. प्रयोगशाळेत ओळीने लावलेल्या नळ्या पाहून तिला वाटले, हे तर बाईला घरीच करता येईल. तिने प्लास्टिकच्या डबीतून नमुना केला. कंपनीतल्या साहेबांना ते रुचले नाही. बायकांच्या हाती असली गोष्ट कशी द्यायची, हा त्यांचा प्रश्न! शेवटी ती डबी बाजारात आली, क्रेनबाईंकडून हक्क मात्र एका डॉलरला लिहून घेतले गेले.

त्या डॉलरचा हिशेब बाजूला ठेवू. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की बातमी आज पहिल्यांदा बाईला कळते. मग पुढे काय? पट्टी 'दिवस गेले' एवढेच सांगते. गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत रुजला असेल तरीही रेघा दोनच. म्हणून दोन रेघांनंतर एका बाजूला पोट असह्य दुखू लागले, चक्कर आली, तर रात्र न काढता दवाखाना गाठावा. गरोदरपणातला रक्तदाब बाईचा जीव घेतो. तो मोजायला क्वांटम लागत नाही, चालू स्थितीतले यंत्र आणि ते लावणारी नर्सबाई लागते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ही सोय 2016 पासून आहे. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि येण्याजाण्याचे वाहन फुकट, असा नियम आहे. नियम सांगितला तर मिळते, न सांगता गेले तर चिठ्ठी हातात देऊन बाहेरून औषध आणायला लावतात, असा आमच्या मंडळाच्या भगिनींचा अनुभव. कोणता दवाखाना ते इथे लिहीत नाही.

देशात 2014-16 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 130 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये हा आकडा 97 वर आला, महाराष्ट्रात 33. दवाखान्यात बाळंतपणे वाढली त्याचे हे फळ, ते मान्य केले पाहिजे. परंतु त्याच दवाखान्यात कळा देणाऱ्या बाईला 'तेव्हा नाही का कळले?' म्हणून टोचून बोलतात, मांडीवर चापट मारतात, नाव-आडनाव ऐकून सूर बदलतात. 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा वागणुकीविरुद्ध निवेदन काढले. केंद्र सरकारने 2016 साली बाळंतपणाच्या खोलीत सोबतीला एक बाई राहू देण्यास मान्यता दिली. सासू, आई, बहीण कोणीही असो, ती आत उभी असली की आवाज खाली येतात. भगिनींनी ही सोबत आधीच मागून ठेवावी.

आणि मजुरी? 1928 साली मुंबईच्या कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे सांगितले होते. बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा भार त्यानेही उचलावा, हा त्यांचा मुद्दा. 1929 मध्ये कायदा झाला, गिरणी-कारखान्यातल्या बायकांना पगारी रजा मिळू लागली. 2017 च्या दुरुस्तीने ती 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. आपल्या घरातल्या किती जणींना ती मिळते? चार घरची धुणीभांडी करणारीला सुट्टी म्हणजे काम जाणे. तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. सव्वीस आठवड्यांवर वाटले तर पाच हजारांचे दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये होतात. कारकुनी सवयीने आम्ही भागाकार करून पाहिला.

तरी ते सोडू नयेत. त्याचा पहिला हप्ता लवकर नाव नोंदवण्यावर आहे. पट्टीवर दोन रेघा दिसल्या की तिसरा महिना सरण्याआधी आशाताईकडे किंवा अंगणवाडीत जावे. आधार कार्ड, स्वतःच्या नावाचे बँकेचे पासबुक आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्यावी. या तारखेपाशीच बहुतेकींचे अडते. घरातल्या दिनदर्शिकेवर दर महिन्याला पेन्सिलीने एक खूण केली, की झाले.