या गाळ्यात आधी कोण होतं? एडिनबराच्या लीथ वॉकवरच्या जुन्या दुकानांचा माग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

आज आपण स्कॉटलंडमध्ये, एडिनबराच्या लीथ वॉक नावाच्या रस्त्यावर फिरणार आहोत. मी नोकरीसाठी याच शहरात राहतो आणि या रस्त्यावरून माझी रोजची ये-जा असते. दिवसभर डेटाबेसशी झटापट करून घरी निघालो की जुन्या दुकानांच्या पाट्या बघत चालायची सवय लागली आहे. प्रत्येक पाटीखाली प्रश्न तोच पडतो, या गाळ्यात आधी कोण होतं? गंमत म्हणजे याचं उत्तर बऱ्यापैकी फोनवर शोधता येतं. कसं, ते सांगतो.

आधी थोडं रस्त्याबद्दल. १६५० साली क्रॉमवेलच्या फौजेला अडवायला स्कॉटिश सैन्याने एडिनबरा शहर आणि लीथ बंदर यांच्या मध्ये मातीचा बांध घातला. फौजा गेल्या, बांध राहिला आणि लोक त्यावरून चालायला लागले. म्हणून नाव लीथ वॉक. आज दोन्ही बाजूंना दगडी टेनेमेंट इमारती आहेत. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, आपल्या जुन्या पेठांसारखंच.

पहिली पायरी म्हणजे डिरेक्टरी. एडिनबराची पहिली डिरेक्टरी १७७३ साली पीटर विल्यमसन याने काढली. हा माणूसच एक वेगळा एपिसोड आहे. लहानपणी ॲबर्डीनमधून पळवून त्याला अमेरिकेत विकलं होतं. तो परत आला आणि त्याने एडिनबरात स्वतःची टपालसेवाही चालवली. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने १७७३ ते १९११ या काळातल्या सातशेहून अधिक डिरेक्टरी स्कॅन करून फुकट ठेवल्या आहेत. सुरुवातीच्या डिरेक्टरींमध्ये फक्त नाव, धंदा आणि पत्ता मिळतो. पुढच्या काळातल्यांमध्ये रस्त्यानुसार यादीही असते. एक दुकान धरायचं आणि दर पाच वर्षांची यादी उघडत मागे जायचं.

इथे एक मोठी अडचण येते. कोडिंग करणाऱ्यांना पटकन कळेल: पत्ता ही प्रायमरी की नाही! म्हणजे पत्ता कायम एकच राहील असं धरून चालत नाही. लीथ वॉकचे तुकडे वेगवेगळ्या नावांनी बांधले गेले. एल्म रो, हॅडिंग्टन प्लेस, गेफील्ड प्लेस, अल्बर्ट प्लेस ही नावं आजही आहेत. त्यामुळे दुकान लीथ वॉकवर असूनही यादीत 'लीथ वॉक'खाली सापडेलच असं नाही. शिवाय घरांचे नंबरही नव्याने दिले जायचे.

मग ओळख पटवायची कशी? दोन युक्त्या सांगतो. पहिली शेजाऱ्यांची. एका वर्षी शिंपी, बेकरी, औषधवाला असा क्रम आहे आणि पुढच्या यादीत तीच तीन नावं त्याच क्रमाने, पण वेगळ्या नंबरांवर दिसतात. तिघांनी एकदम घर बदललं असेल का? शक्यता कमी. नंबर बदलले असणार. दुसरी युक्ती नकाशाची. ऑर्डनन्स सर्व्हेने १८४९ ते १८५३ दरम्यान एडिनबराचा इतका मोठा नकाशा केला की जमिनीवरचा एक मैल कागदावर पाच फूट भरतो. नॅशनल लायब्ररीच्या साइटवर जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून स्लायडर सरकवता येतो. चर्च किंवा गल्लीचा कोपरा पकडायचा आणि तिथून इमारती मोजत यायचं.

दुसरी पायरी आहे व्हॅल्युएशन रोल. १८५४ च्या कायद्यानंतर स्कॉटलंडमध्ये दरवर्षी प्रत्येक मालमत्तेची नोंद होऊ लागली. आपल्या घरपट्टीच्या वहीसारखं समजा. मालक कोण, भाडेकरू कोण, प्रत्यक्ष वापरतं कोण आणि वर्षाचं मूल्य किती, हे सगळं त्यात येतं. डिरेक्टरीत दुकानदार भेटतो, इथे त्याचा घरमालकही भेटतो. 'स्कॉटलंड्सपीपल' साइटवर १८५५ ते १९४० मधल्या ठरावीक वर्षांचे रोल आहेत. नाव शोधणं फुकट आहे, पान बघायला थोडे पैसे पडतात. त्याही मागे, खरेदी-विक्रीपर्यंत जायचं असेल तर रजिस्टर ऑफ सेसिन्स आहे. मालमत्ता कुणाकडून कुणाकडे गेली याची ही सरकारी नोंद १६१७ पासून चालू झाली.

लीथ वॉकवर शोधताना अजून एक भानगड होते. १८३३ ते १९२० लीथ ही वेगळी नगरपालिका होती आणि हद्द पिलरिगपाशी, या रस्त्यालाच आडवी कापून जायची. म्हणून त्या काळातला रोल शोधताना आधी बघायचं, दुकान हद्दीच्या कुठल्या बाजूला होतं? ही हद्द इतकी खरी होती की लीथच्या विजेच्या ट्राम आणि एडिनबराच्या केबलवर ओढल्या जाणाऱ्या ट्राम पिलरिगला येऊन थांबायच्या आणि प्रवाशांना गाडी बदलावी लागायची. १९२२ साली हा प्रकार संपला.

एवढं करूनही कागद सगळं सांगत नाहीत. एल्म रोवर १९ नंबरला 'व्हॅल्व्होना अँड क्रोला' हे इटालियन किराणा दुकान आहे, १९३४ पासून. यादीत बघाल तर नाव आणि नंबर, बास. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि एडिनबरात इटालियन लोकांच्या दुकानांच्या काचा फुटल्या. इटालियन पुरुषांना पकडून नेलं. दुकानाच्या संस्थापकांपैकी अल्फोन्सो क्रोला 'अरँडोरा स्टार' या जहाजावर होते. २ जुलै १९४० ला ते जहाज पाणबुडीने बुडवलं. आठशेहून अधिक माणसं गेली, त्यात क्रोलाही होते. यादी नाव देते. त्या नावाचं पुढे काय झालं, ते वर्तमानपत्रांत आणि घरच्यांच्या आठवणीत शोधावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी उठाठेव कशाला? २०१८ मध्ये याच रस्त्यावर, स्टेड्स प्लेसपाशी, दुकानांची एक रांग पाडून तिथे विद्यार्थ्यांची घरं आणि हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला. इमारत १९३० च्या दशकातली, दोन मजली, लाल दगडाची. दिसायला साधीच. पण ती जतन-क्षेत्रात येते आणि अशा भागातली इमारत पाडायला वेगळी परवानगी लागते. परिसराच्या रूपात तिचा वाटा काय, हा प्रश्न तिथे विचारला जातोच. दुकानदार आणि रहिवासी एकत्र आले, हजारो सह्या जमल्या. जानेवारी २०१९ मध्ये महापालिकेने प्रस्ताव फेटाळला आणि त्यावरचं अपीलही पुढे फेटाळलं गेलं.

अशा वेळी 'आम्हाला ही इमारत आवडते' एवढं म्हणून भागत नाही. ती कधीची, तिच्यात कोण होतं, रस्ता तिच्याभोवती कसा वाढला, हे सांगता आलं तर बोलण्याला वजन येतं. फुकट डिरेक्टरी १९११ ला संपतात, म्हणून या इमारतीसाठी १९३५ आणि १९४० चे रोल उघडायचे. कुठला कागद कुठल्या काळाला लागू पडतो हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

तर या रविवारी एक करून बघा. नॅशनल लायब्ररीच्या नकाशांच्या साइटवर जा, लीथ वॉक शोधा आणि स्लायडर हळूहळू सरकवा. एखादा कोपरा दोन्ही नकाशांत जुळला की कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!