एल्यूसिसची दीक्षा

अथेन्सच्या वायव्येस सुमारें १२ मैलांवर एल्यूसिस हें प्राचीन ग्रीकांचें क्षेत्र. धान्यदेवता डिमीटर व तिची कन्या पर्सिफोनी यांच्या गूढ विधींची दीक्षा तेथें दरवर्षीं शरदृतूंत मिळे. स्त्रिया व दास यांसही द्वार मोकळें असे. मात्र ग्रीक भाषा समजावी आणि हातून नरहत्या घडलेली नसावी. अधिकारभेदाच्या चर्चेंत वाढलेल्या आम्हां लोकांस हें औदार्य विचार करावयास लावील.

दीक्षार्थी समुद्रस्नान करी, डुकराचें पिलूं बळी देई, उपोषण करी, जव व पुदिना घातलेलें पेय घेई, आणि रात्रीं मशालींच्या उजेडांत दीक्षामंडपांत शिरे. आंत काय होई? आपल्याकडे गुरु कानांत मंत्र सांगतो. तेथें पाहणें मुख्य, इतकें कीं वरच्या पायरीच्या दीक्षिताचें नांवच ‘पाहणारा’ असें होतें. परंतु पाहिलेलें बाहेर सांगणें हा देहांताचा अपराध. इ. स. पू. ४१५ मध्यें सेनापति आल्सिबायडीझ याजवर खासगी घरांत या विधींची नक्कल केल्याचा आरोप आला, तेव्हां तो न्यायासनासमोर न येतां शत्रूच्या स्पार्टास पळाला. मंडपांत मुक्यानें कापलेलें कणीस दाखवीत, असें एक ख्रिस्ती लेखक म्हणतो. पण तो पडला विरोधक.

इ. स. पू. २० च्या सुमारास ऑगस्टस बादशहाकडे गेलेल्या हिंदी वकिलातींत झार्मनोखेगस नांवाचा एक पुरुष होता. कांहीं पंडित या नांवांत ‘श्रमणाचार्य’ शब्द पाहतात. त्यानें ही दीक्षा घेतली आणि अथेन्स येथें जिवंतपणीं अग्निप्रवेश केला, असें डायो लिहितो. तो बार्गोसाचा, म्हणजे बहुधा भडोचचा, हिंदी असून पूर्वजांच्या रीतीनें अमर झाला, असा त्याच्या समाधीवरील लेख स्ट्रेबोनें दिला आहे. दीक्षेचा त्यांत उल्लेख नाहीं.