छोटा प्रोजेक्टर घेताना आकडा पारखून घ्या

कापडाच्या धंद्यात उभी हयात गेली, तरी गेल्या वर्षी एका यंत्राच्या खरेदीत मी फसलो. नातवंडांना सुट्टीत भिंतीवर क्रिकेट व मोटारींच्या शर्यतीचे गेम खेळायचे होते. खोक्यावर '९००० ल्युमेन' असा मोठा आकडा पाहून छोटा प्रोजेक्टर घेतला, स्वस्त पडतो म्हणून पक्के बिल घेतले नाही. दिवसा चित्र दिसेना, रात्री अक्षरे वाचवेनात. दुकानदाराने माल परत घेण्यास साफ नकार दिला. वाचक बांधवांचे असे नुकसान होऊ नये म्हणून हा तजुर्बा देत आहे.

पहिली बाब उजेडाची. 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' ल्युमेन हा ठरलेल्या पद्धतीने मोजलेला आकडा असतो. नुसते 'ल्युमेन' किंवा 'एलईडी ल्युमेन' लिहिले असेल तर त्यावर विसंबू नये. पन्हा इंचात न सांगता 'कापड रुंद आहे' म्हणण्यासारखेच ते. अंधाऱ्या खोलीत ८० इंची चित्राला २०० ते ३०० एएनएसआय ल्युमेन चालतात. मंद दिवा ठेवायचा असेल तर ५०० च्या पुढचे पाहावे. बॅटरीवर चालवताना बऱ्याच यंत्रांचा उजेड कमी होतो, हेही विचारून घ्यावे.

दुसरी बाब चित्राच्या बारकाईची. 'फोर-के सपोर्ट' याचा अर्थ यंत्र तसे चित्र स्वीकारते, दाखवते असे नव्हे. 'नेटिव्ह रेझोल्यूशन' किती, हे विचारावे. गेममधील बारीक अक्षरे वाचायची तर १९२० बाय १०८० असलेले उत्तम.

तिसरी बाब गेमसाठी सर्वांत महत्त्वाची. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतच्या विलंबाला 'इनपुट लॅग' म्हणतात. तो मिलिसेकंदात मोजतात. लुडो-कॅरमला फरक पडत नाही. पण विलंब १०० च्या वर गेला की चेंडू निघून गेल्यावर बॅट फिरते. घरगुती खेळाला ५० च्या आतील यंत्र घ्यावे, व 'गेम मोड' आहे का ते पाहावे. जोडणी एचडीएमआय वायरीनेच करावी. वाय-फायने चित्र पाठवल्यास विलंब वाढतो. ब्लूटूथ स्पीकरचा आवाजही मागे पडतो. यंत्र तिरके ठेवून 'कीस्टोन'ने चित्र सरळ केल्यास बारकाई घटते, काही यंत्रांत विलंबही वाढतो. म्हणून ते भिंतीसमोर सरळ ठेवावे.

चौथी बाब जागेची. 'थ्रो रेशो'ला चित्राच्या रुंदीने गुणले की अंतर निघते. ८० इंची चित्राची रुंदी सुमारे ७० इंच. थ्रो रेशो १.२ असेल तर यंत्र ८४ इंच, म्हणजे ७ फूट दूर हवे. दहा बाय दहाच्या खोलीत हे सहज जमते.

पडद्यासाठी वेगळा खर्च नको. या चित्राची उंची सुमारे ३९ इंच असते. तेव्हा ४४ इंच पन्ह्याचे, जाड विणीचे, चकाकी नसलेले पांढरे कापड २ मीटर घेऊन आडवे ताणावे. मधे शिवण येत नाही. मागे उजेड नसावा.

आपल्यापैकी अनेकांच्या घरातच माग किंवा शिलाई मशीन असते. सुताचे तंतू आत गेले की चित्रावर डाग दिसतात. अशा घरी 'सील्ड ऑप्टिकल इंजिन' असलेले यंत्र घ्यावे, व हवा जाण्याची जाळी वरचेवर पुसावी.

प्रोजेक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. तेव्हा चार पैसे वाचवण्यासाठी बिल सोडू नका. बिलाशिवाय वॉरंटी मागायची कशी? आणि दुकानात जाताना आपले गेमचे यंत्र व वायर सोबत न्या. थानाची घडी उलगडल्याशिवाय आपण सौदा करत नाही. इथेही दिवे मालवून, एक डाव खेळून, मगच पैसे मोजा.