घरचं कार्य, भौतिकशास्त्रातलं कार्य

‘घरी कार्य आहे’ म्हटलं की नांदेड-लातूरकडे लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे येतो. भौतिकशास्त्रात मात्र दिवसभर भिंत ढकलली आणि ती हलली नाही, तर कार्य शून्य. संख्याशास्त्रातला ‘सिग्निफिकंट’ फरकही महत्त्वाचा असेलच असं नाही. निव्वळ योगायोगाने इतका फरक क्वचितच पडला असता, एवढंच तो शब्द सांगतो. विद्यापीठीय भाषा कोणाचीच मायबोली नसते, इंग्रजी माध्यमवाल्याचीही नाही. ती शिकवावी लागते.

मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, तेव्हा निजामाने हे ओळखलं होतं. १९१८ साली उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याच्या आदल्याच वर्षी ग्रंथांच्या तर्जुम्यासाठी वेगळं खातं उभं राहिलं. (मराठी मुलांचं काय, हा प्रश्न उरलाच.) १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, पुढे लातूरला उपकेंद्र आलं, रस्त्याचं अंतर कमी झालं, भाषेचं नाही. ‘अभ्यासक्रमच पुरा होत नाही, भाषा कधी शिकवू?’ ही प्राध्यापकांची तक्रार खोटी नाही. पण न कळलेला धडा दोनदा सांगण्यात जाणारा वेळ कोण मोजतं? इंग्रजी विभागावर ढकलूनही भागत नाही. ‘सिग्निफिकंट’चा अर्थ तिथे ‘महत्त्वाचा’ असाच सांगतील. रसायनशास्त्राच्या तासाला एक चांगलं उत्तर फळ्यावर लिहून त्यातला प्रत्येक ‘म्हणून’ अधोरेखित करायला दहा मिनिटं लागतात. सर, मॅडम, तेवढी द्या.