पिवळ्या बांबूचे उभे पट्टे

बुलढाण्याजवळ, पैनगंगेकाठच्या देऊळघाटात कुणाला मळ्याच्या कडेला शोभेचा पिवळा बांबू लावायचा असेल, तर त्याने बी शोधत बसू नये. ‘बांबुसा व्हल्गारिस’ला फुलोराच क्वचित येतो, आणि आला तरी बी धरत नाही. हिरव्या पट्ट्यांचा हा पिवळा बांबू, ‘विट्टाटा’, त्याचाच वाण. आज उद्यानांतून दिसणारी त्याची बेटे माणसानेच कांड्या लावून वाढवलेली आहेत.

ते पट्टे जवळून पाहावेत. एखादा केसाएवढा, शेजारचा बोटभर रुंद. पण सगळे उभे. बांबूचे प्रत्येक पेर तळाकडून लांबते. तिथल्या पेशी विभागत सरळ ओळीने वर सरकतात. ज्या पेशीत हरितद्रव्य, तिची सारी ओळ हिरवी. ज्या पेशीत ते नाही, तिची पिवळी. बेटात अधूनमधून पूर्ण हिरवा कोंब येतो. तो वेळीच मुळापासून काढावा, नाहीतर हळूहळू बेट हिरवे होत जाते.

रोपासाठी एक-दोन वर्षांचा बांबू घेऊन दोन गाठींचे तुकडे करतात. गाठीवरचे डोळे शाबूत हवेत. मधल्या पेराला भोक पाडून आत पाणी भरतात, तोंड प्लास्टिकने बांधतात आणि भोक वर ठेवून तुकडा वाफ्यात आडवा पुरतात. हे काम मार्च-एप्रिलचे. हिरवे फुटवे लवकर येतात, मुळ्या मागाहून. म्हणून फुटव्यांवर भुलून रोप घाईने हलवू नये.

पाणी साचणाऱ्या काळ्या रानात कंद कुजतो. निचऱ्याची, थोडी उताराची जागा बरी, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यायलाच हवे. बांबू दहा-पंधरा मीटर चढतो, तेव्हा विजेच्या तारांखाली तो नकोच.

वापराबाबत माझे मत स्पष्ट आहे: हा बांबू उभाच शोभतो. तोडल्यावर पट्टे फिके पडतात. शिवाय त्यात पिष्टद्रव्य भरपूर, त्यामुळे घुण लवकर लागते आणि छिद्रांतून पिठासारखा भुसा गळू लागतो. मांडवाला किंवा काठीला आपला भरीव मानवेल बरा. तरीही पिवळा वापरायचाच झाला, तर तीन वर्षांपुढचा निवडावा, काही आठवडे पाण्यात बुडवून पिष्ट उतरू द्यावे आणि मग टाकणखार व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून सावलीत वाळवावा.