विंचवाचे विष, प्राझोसिन आणि महाराष्ट्रातील औषधविद्या

महाराष्ट्रातील औषधशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र या दोन सख्ख्या शास्त्रांमधील संशोधनाचा आढावा घेताना संस्था, त्यांचे संचालक आणि त्यांची पेटंटे यांच्या आधारे कालखंड पाडण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिच्यामुळे इतिहास नीटनेटका दिसतो. परंतु कोणते काम टिकले आणि ते का टिकले, या मूळ प्रश्नाला बगल मिळते. स्वातंत्र्यानंतरच्या कामाकडे या प्रश्नाच्या रोखाने पाहिले, तर ज्या संशोधनाचा प्रश्न रुग्णाच्या खाटेजवळ उभा राहिला आणि ज्याचे उत्तर शरीराच्या व्यापारांचा विचार करून शोधले गेले, त्याच संशोधनाने माणसे वाचवली, असे स्पष्ट दिसते.

याचे पहिले ठळक उदाहरण सर्पगंधेचे आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळांपासून केलेले औषध देऊन मिळालेले निष्कर्ष १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले आणि भारतीय वैद्यांना परिचित असलेली ही वनस्पती आधुनिक वैद्यकाच्या दरबारात दाखल झाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातील रिसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. चेतातंतूंच्या टोकांशी साठवलेली नॉरअॅड्रेनलिन, डोपामिन आणि सेरोटोनिन ही संदेशवाहक द्रव्ये रिसर्पीनमुळे रिती होतात, हे पुढे कळले. रिसर्पीन दिल्यामुळे निश्चल झालेले ससे एल-डोपा देताच पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवले आणि कंपवाताच्या उपचाराचा पाया घातला गेला. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रिसर्पीन आज क्वचितच लिहून दिले जाते, परंतु मेंदूच्या रसायनविद्येतील एका मोठ्या अध्यायाच्या मागे परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील निरीक्षण उभे आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.

त्यानंतरचा कंपन्यांच्या प्रयोगशाळांचा काळ थोडक्यात सांगण्यासारखा आहे. गोरेगावात सिबाचे संशोधन केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्या नेतृत्वाखाली तेथे वनस्पतिजन्य रसायनांवर दर्जेदार काम झाले. मुलुंडच्या हेक्स्ट केंद्राने माईनमुळा या वनस्पतीतून फोर्स्कोलिन मिळवले. पेशीतील अॅडेनिलेट सायक्लेज हे विकर थेट चेतवण्याच्या गुणामुळे १९८० च्या दशकात ते जगभरच्या प्रयोगशाळांचे आवडते साधन झाले, मात्र औषध म्हणून त्याचा प्रवास मर्यादित राहिला. के.ई.एम.मध्ये शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीसारख्या आयुर्वेदीय औषधींची तपासणी शल्यविभागातील काविळीच्या रुग्णांपर्यंत नेली. ललितलेखिका म्हणून घराघरात पोहोचलेल्या डहाणूकरांचे हे काम मात्र वाचकांना फारसे माहीत नसते.

या साऱ्या इतिहासात ज्या धाग्याला मानाचे पान मिळायला हवे, तो धागा मात्र मुंबईत विणला गेला नाही. तो रायगड जिल्ह्यातल्या महाड, बिरवाडी आणि पोलादपूर या परिसरात विणला गेला आणि त्याचा विषय होता कोकणातला लाल विंचू. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असली, तरी तिचा दंश सहसा जिवावर बेतत नाही. त्याउलट कवलांत, लाकूडफाट्यात आणि भाताच्या पेंढ्यात दडणारा हा लहानसा लाल विंचू एखाद्या धडधाकट मुलाला काही तासांत मृत्यूच्या दाराशी नेतो. विंचू चावल्यावर फुफ्फुसांत पाणी भरून रुग्ण दगावतात, हे मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवले होते, पण हे का घडते आणि ते कसे थांबवावे, याचा उलगडा झालेला नव्हता.

हा उलगडा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या आणि त्या नोंदींतून एक क्रम उभा राहिला. ज्याला दंशाच्या जागी असह्य कळा येतात तो बहुधा वाचतो. ज्याला कळा फारशा नसतात, पण उलट्या होतात, अंगाला घामाच्या धारा लागतात, तोंडात लाळ साठते आणि मुलग्यांच्या बाबतीत लिंग ताठरते, त्याच्या हृदयावर संकट येऊ घातलेले असते. ही पूर्वलक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या टप्प्यात रुग्णाचे हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते, खोकला सुरू होतो आणि अखेरीस तोंडाला गुलाबी फेस येतो.

या क्रमामागचे शरीरक्रियाशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. चेतापेशींच्या आवरणात सोडियमच्या कणांना आत घेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. संदेश गेला की त्या मिटतात. लाल विंचवाच्या विषातील प्रथिने या वाहिन्यांना वेळेवर मिटू देत नाहीत, त्यामुळे चेतातंतू थांबायचे विसरतात आणि स्वायत्त चेतासंस्थेत वादळ उठते. आधी उलटी, घाम आणि लाळ यांचा भर येतो, मग नॉरअॅड्रेनलिन आणि अॅड्रेनलिन यांचा पूर लोटतो. ही द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील अल्फा ग्राहींना, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना, चेतवतात. वाहिन्या आक्रसतात, हृदयाला प्रचंड दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, ते थकते आणि फुफ्फुसांत पाणी साचते. स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवणेही याच ग्राहींमुळे रोखले जाते, त्यामुळे हृदयाच्या स्नायूची उपासमार होते. इन्सुलिनच्या या बाजूचा पाठपुरावा के. राधाकृष्ण मूर्ती यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून चिकाटीने केला.

निदान असे पक्के झाले की उपचाराची दिशा आपोआप ठरते. आवळलेल्या वाहिन्या सैल करण्यासाठी बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रक्तदाबावर अखंड नजर ठेवावी लागते, जे खेड्यातल्या दवाखान्यात दुरापास्त होते. मग उच्च रक्तदाबासाठी बाजारात असलेले, अल्फा ग्राही अडवणारे प्राझोसिन त्यांनी तोंडावाटे दिले. हिंमतराव आणि प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरील लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मात्रा वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, दर ३ तासांनी, आणि ती कुठवर द्यायची याची खूण डॉक्टरच्या तळहाताला कळणारी: रुग्णाचे पाय कोरडे आणि उबदार लागू लागले की वादळ ओसरले. औषध दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवायचे, कारण पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत असत. प्राझोसिननंतर हे प्रमाण अगदी थोड्यावर आले.

एवढे होऊनही या कामाला उणे लेखणारा एक वर्ग आहे. प्राझोसिन हा केवळ लक्षणांवरचा उपाय असून प्रतिविष हाच खरा इलाज, असे या मंडळींचे म्हणणे असते आणि त्यासाठी ते २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या चाचणीचा हवाला देतात. त्या चाचणीत ७० रुग्णांपैकी निम्म्यांना प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिले होते. १० तासांत त्यांतील ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे झाले, तर नुसत्या प्राझोसिनवर असलेल्या ३५ पैकी ८ जण. पण ही चाचणी स्वतः बावस्कर दांपत्यानेच महाडला केली होती, आणि तिच्यातील दोन्ही गटांना प्राझोसिन मिळत होते, हे सांगायचे मात्र राहून जाते. प्रतिविष मोकळ्या विषाला बांधते. आधीच सुटलेल्या नॉरअॅड्रेनलिनला ते परत बोलावू शकत नाही. त्यामुळे ही दोन औषधे परस्परांची प्रतिस्पर्धी नसून सहकारी आहेत, आणि ज्याने एकाचा उपयोग शोधला त्यानेच दुसऱ्याची कसोटी घ्यावी, याहून मोठी वैज्ञानिक सचोटी दाखवता येणार नाही.

दुसरा वर्ग याहून घातक आहे. जुन्या पुस्तकांवर विसंबून अॅट्रोपिन, स्टेरॉइड आणि गुंगीच्या औषधांचे मिश्रण देणारे हात अजून पुरते थांबलेले नाहीत. घाम आणि लाळ पाहून अॅट्रोपिन टोचले की हृदयाचा उरलासुरला लगामही सुटतो आणि आधीच धावणारे हृदय आणखी धावते, हे ज्याला शरीरक्रियाशास्त्र नीट शिकवले गेले आहे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी आयबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे केले. कॅल्शियममुळे उघडणाऱ्या एका विशिष्ट पोटॅशियम वाहिनीला ते अचूक अडवते, म्हणून रक्तवाहिन्यांच्या अभ्यासात ते आज जगभर वापरले जाते. विंचू आपल्या मातीतला, रुग्ण आपले, निरीक्षणे आपली. मात्र विष शुद्ध करणारी प्रयोगशाळा परदेशातली. महाडचा दवाखाना आणि मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळा यांच्यात वेळीच सेतू बांधला गेला असता, तर हे काम इथेच झाले असते, ही खंत बाळगण्याला आधार आहे.

आजची अवस्था पाहता ही खंत अधिक गडद होते. पदव्युत्तर प्रबंधांच्या याद्या चाळल्या, तर रसायनाने मधुमेही केलेले उंदीर आणि त्यांना पाजलेला अमुक पानांचा अर्क, हाच साचा पुन्हा पुन्हा आढळतो. पान बदलते, प्रश्न बदलत नाही. औषधशास्त्राच्या विभागात शिकणारा विद्यार्थी वर्षानुवर्षे वॉर्डात पाऊल टाकत नाही, शरीरक्रियाशास्त्राची प्रात्यक्षिके संगणकाच्या पडद्यावर उरकली जातात आणि पदोन्नतीसाठी लेखांची मोजणी होते, त्यांचा कस पाहिला जात नाही. ग्रामीण रुग्णालयांत मात्र साप, विंचू आणि कीटकनाशके यांच्या विषबाधेचे रुग्ण रोज येतात आणि त्यांच्या नोंदी केसपेपरांच्या गठ्ठ्यांत पडून राहतात.

यावर उपाय अवघड नाही. या दोन्ही विषयांच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला किमान सहा महिने उपजिल्हा रुग्णालयात नेमावे, तेथे त्याला पडलेल्या प्रश्नावरच प्रबंध लिहायला सांगावे आणि त्याच्या मार्गदर्शकाने त्या रुग्णालयात नियमित फेरी मारावी. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री देऊन शासनाने एका व्यक्तीचा गौरव केला, तो उचितच आहे; पण त्यांची पद्धत अभ्यासक्रमात आली नाही, तर पुढचे प्राझोसिन योगायोगाच्या भरवशावर राहील, आणि रुग्णाचा जीव योगायोगावर सोडण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठाला नाही.